उपग्रहाला दिसलेली खारफुटी आणि आपल्या पायाखालचा चिखल



आज एका आकड्यापासून सुरुवात करू या. भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था साधारण दर दोन वर्षांनी देशातल्या जंगलांचा अहवाल काढते. २०१५च्या अहवालात महाराष्ट्रातली खारफुटी होती २२२ चौरस किलोमीटर. २०१७च्या अहवालात ती झाली ३०४. दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटरची भर, त्या वर्षी देशात सगळ्यात जास्त. आता वाशीला किंवा भांडुपला खाडीलगत राहणाऱ्या तुमच्या एखाद्या आतेभावाला हा आकडा सांगून बघा. तो म्हणेल, अरे, इथे रात्रीत डंपर येऊन भराव टाकून जातात आणि तू मला खारफुटी वाढली म्हणून सांगतोस?

तो खोटं बोलत नाही, आणि अहवालही खोटं बोलत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, तेवढंच आज सांगायचं आहे. कारण या आकड्यांवर, आणि त्यामागच्या नकाशांवर, आता बरंच काही ठरतं. कोणती जमीन वन म्हणून नोंदवायची, कुठे इमारत उभी राहू शकते, आजोबांच्या नावावरचं खाजण विकता येईल का, हे सगळं त्यात येतं.

आधी उपग्रहाची नजर समजून घेऊ. त्यासाठी मोजपट्टी म्हणून आपलं चांगी बिझनेस पार्कच घेऊ. हे पार्क साधारण ७१ हेक्टरांचं आहे. एक्स्पो स्टेशनातून निघून पार दुसऱ्या टोकाच्या ऑफिसपर्यंत भर दुपारी चालत गेलेल्यांना ७१ हेक्टर म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचं चित्र म्हणजे ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद चौकोनांची जमवाजमव. एका चौकोनाला एकच रंग. त्यात अर्धं छप्पर, थोडी झाडं, थोडा रस्ता असला तरी उपग्रह त्या सगळ्याची सरासरी काढून एकच ठिपका देतो. असे सुमारे ७९० ठिपके झाले की अख्खं बिझनेस पार्क संपलं. भारताच्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ या कॅमेऱ्याचा चौकोन साडेतेवीस मीटरचा. आपल्या वन सर्वेक्षणाने बरीच वर्षं हिशेब केला तो याच्या चित्रांवर. त्यात पार्काचे तेराशेच्या आत ठिपके होतात. युरोपच्या सेंटिनेल-२चा चौकोन १० मीटरचा, म्हणजे सात हजारांवर ठिपके.

आता हीच पट्टी घेऊन कोकणातल्या खाडीवर चला. तिथे तिवरांची रांग कितीतरी ठिकाणी आठ-दहा मीटर रुंद असते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बांध. लँडसॅटच्या चौकोनात ती रांग पाणी आणि चिखलात मिसळून जाते. झाडं जागेवर असतात, नकाशात नसतात. उलट पुढच्या वेळी चित्र जरा स्पष्ट आलं, किंवा ते वाचणाऱ्याची नजर अधिक तयार झाली, तर तीच जुनी झाडं नकाशात पहिल्यांदा उगवतात. २०१५ ते २०१७ या दोन वर्षांत महाराष्ट्रात लागवड झाली, नैसर्गिक वाढही झाली, हे मान्य. पण माझं मत विचाराल तर ८२ चौरस किलोमीटर तिवरं दोन वर्षांत उपग्रहाला दिसण्याइतकी मोठी होत नाहीत. त्या वाढीत नजर सुधारल्याचा वाटा मोठा असणार.

याहून गमतीची गोष्ट पुढच्या अहवालांत आहे. २०२१च्या अहवालात महाराष्ट्राची खारफुटी ३२४ चौरस किलोमीटर. २०२३च्या अहवालात ३१५. कोणीही म्हणेल की नऊ कमी झाले. पण २०२३चा अहवाल सांगतो की महाराष्ट्रात १२.३९ चौरस किलोमीटरची वाढ झाली! म्हणजे तुलना करताना २०२१चा आधीचा आकडा तसाच न घेता, तो दुरुस्त करून, खाली आणून मग वजाबाकी केली आहे. यात लबाडी नाही. मोजमाप सुधारलं की मागचा हिशेबही सुधारावा लागतो. पण दोन अहवाल शेजारी ठेवून, त्यातले दोन आकडे उचलून, ‘वाढली’ किंवा ‘घटली’ असा फॉरवर्ड आपल्या फॅमिली ग्रुपवर आला, तर एवढं लक्षात ठेवा की त्या दोन आकड्यांची अशी वजाबाकी होत नाही.

बरं, उपग्रहाला हे झाड खारफुटीचं आणि ते नारळाचं, हे कळतं कसं? हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण त्यावर त्याचं अन्न तयार होतं. आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश ते बराचसा परत फेकतं. उपग्रह दोन्ही मोजतो. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा, आणि त्या वजाबाकीला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. झालं गणित. त्याला एनडीव्हीआय म्हणतात. उत्तर एकच्या जवळ जाईल तितकी झाडी दाट, पाणी असेल तर शून्याच्याही खाली. ज्यांनी उपग्रहाच्या चित्रांत जंगल लालभडक पाहिलं असेल आणि हे काय म्हणून चक्रावले असतील त्यांच्यासाठी सांगते: इन्फ्रारेड दाखवायला रंग नसतो, म्हणून त्याला लाल रंग देतात. लाल म्हणजे तिथे झाडी आहे.

पण त्याने फक्त झाडी कळते. नारळी-पोफळीची वाडी कुठली आणि खारफुटी कुठली, हे कळायला आणखी एक युक्ती लागते. इन्फ्रारेडचाच एक लांब तरंगलांबीचा पट्टा आहे, तो पाणी गिळून टाकतं. खारफुटीच्या खाली कायम ओला चिखल, त्यामुळे त्या पट्ट्यात ती वाडीपेक्षा काळपट दिसते. शिवाय ती भरतीच्या पाण्याच्या टप्प्यातच असते, डोंगरावर नसते. एवढं करूनही खाडीकाठच्या विलायती बाभळी घोटाळा करतातच. म्हणून शेवटी कोणीतरी गुडघाभर चिखलात उतरून ‘हो, हे तिवर आहे’ असं सांगावं लागतं. संगणक कितीही हुशार झाला तरी त्याला शिकवायला हीच चिखलातली नोंद लागते.

दुसरा घोळ भरती-ओहोटीचा. सेंटिनेल-२ मुंबईवरून जातो तो सकाळी अकराच्या सुमारास, दर वेळी त्याच वेळेला. भरती मात्र रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणजे एका चित्रात चिखल उघडा, दुसऱ्यात लहान तिवरं पाण्याखाली. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. कमरेइतकं झाड त्यात दिसणारच नाही. दोन चित्रं शेजारी ठेवून ‘इथली खारफुटी गेली’ म्हणण्याआधी त्या दिवशी पाणी कुठे होतं ते बघावं लागतं.

आणि इथे आपलं कालनिर्णय उपयोगी पडतं, खरंच सांगते. कोकणच्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. षष्ठी, सप्तमी, अष्टमी, पक्ष कोणताही असो, या दिवशी अकराला पाणी उतरलेलं असतं. पौर्णिमा-अमावास्येला त्याच वेळी पाणी चढून आलेलं असतं. उपग्रहाचं चित्र निवडताना तारीख कॅलेंडरशी ताडून बघा. ठोकताळा मुंबई-कोकणापुरता आहे, सिंगापूरला लावू नका.

सिंगापूरची अडचण वेगळी, ती म्हणजे ढग. महाराष्ट्रात पावसाळा सोडला की आकाश मोकळं होतं, ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं काचेसारखी मिळतात. इथे बाराही महिने दुपारी काय होतं ते तुम्ही रोज बघता. म्हणून इथे रडार लागतं. रडारचा उपग्रह स्वतःच लहरी पाठवतो आणि परत आलेल्या टिपतो. त्याला ढग अडवत नाहीत, रात्रही अडवत नाही. सिंगापूरचा असा उपग्रह, डीएस-सार, ३० जुलै २०२३ रोजी अवकाशात गेला तो श्रीहरिकोट्याहून, आपल्या इस्रोच्या पीएसएलव्हीवर. त्याची कक्षा विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, म्हणजे तो इथल्याच पट्ट्यावर पुन्हापुन्हा येतो. त्याआधी २०१५च्या डिसेंबरात टेलिओस-१ गेला, तोही तिथूनच. आणि बरोबर दोन वर्षांनी, ३० जुलै २०२५ला, इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह गेला. त्याच्या लांब लहरी पानांतून खाली शिरतात, खालच्या पाण्यावरून आणि खोडावरून उसळून परत येतात. पाण्यात उभं असलेलं झाड असं वेगळं चमकतं, आणि खारफुटी ओळखायला याहून सोयीची खूण नाही.

सिंगापूरच्या खारफुटीचं बहुतेक नुकसान मात्र उपग्रह येण्याआधीच, किंवा ते यायच्या सुमारास, होऊन गेलेलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी या बेटावर सुमारे ७५ चौरस किलोमीटर खारफुटी होती असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०१०च्या सुमारास मोजली तेव्हा साडेसातच्या आत. काही भराव टाकून गेली, काही नद्यांची मुखं बंद करून गोड्या पाण्याचे तलाव केले तेव्हा. क्रांजीचा तलाव त्यातलाच. ते पाणी आपण पितो, तेव्हा नुसती नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण २००१च्या डिसेंबरात पुलाउ उबिनवरच्या चेक जावाचा भराव सरकारने थांबवला. लोकांनी चिखलात उतरून तिथले प्राणी एकेक करून नोंदवले होते, म्हणून थांबवला. वरून काढलेल्या चित्रात चेक जावा म्हणजे एक करडा डाग दिसला असता.

आता महाराष्ट्राकडे परत येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

२६ जुलै २००५चा पाऊस तुमच्यापैकी अनेकांनी अंगावर घेतला असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, आधीपासून चालू असलेल्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: राज्यात खारफुटी तोडणं बंद, तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम बंद, भराव बंद. आणि खारफुटी नेमकी कुठे आहे हे ठरवायला नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने बारीक नजरेच्या उपग्रहचित्रांवरून नकाशे करायचे. १७ सप्टेंबर २०१८ला अंतिम निकाल आला आणि ही बंदी कायम झाली. सार्वजनिक प्रकल्पासाठी तोडायची असेल तरी न्यायालयात यावं लागेल, असं ठरलं.

बारीक नजर का हवी, ते एका आकड्याने कळेल. किनारपट्टीच्या नियमांत, म्हणजे सीआरझेडमध्ये, खारफुटी १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्याभोवती ५० मीटरची मोकळी पट्टी सोडायची. लँडसॅटचा एक चौकोन ९०० चौरस मीटरचा. म्हणजे कायद्याचा उंबरठा त्याच्या दृष्टीने जेमतेम एक ठिपका! वन सर्वेक्षणाचा अहवाल तर एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा धरतच नाही. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. देशाचा हिशेब ठेवायला तो नकाशा चांगला, पण तुमच्या सोसायटीमागे तिवरं आहेत की नाहीत याचा निवाडा त्यावर करता येत नाही. कोणी बिल्डर किंवा कोणी कार्यकर्ता तसा नकाशा तुमच्यासमोर नाचवू लागला, तर आधी विचारा: चौकोन केवढा आहे?

आणि उपग्रहाला सर्व्हे नंबर दिसत नाही. त्याच्या चित्रावर गावनकाशा बसवावा लागतो. हे गावनकाशे जुन्या मोजणीचे, खाडीने तेव्हापासून काठ बदललेला. दोन्ही एकमेकांवर चपखल बसत नाहीत. दहा मीटर इकडे-तिकडे झालं की एकाचं शेत वनात जातं आणि दुसऱ्याचं सुटतं. खरे तंटे तिथेच होतात.

पेण-अलिबागकडच्या मंडळींना हे सांगायला नको. खाडीला बांध घालून खाजणात भात पिकवण्याची तिथली जुनी रीत. बांध फुटला, वेळेवर बांधला गेला नाही, पोरं मुंबईला किंवा सिंगापूरला निघून गेली, की खारं पाणी आत येतं. दोन-चार वर्षांत तिवरं रुजतात. सात-बारावर भातशेती, उपग्रहात खारफुटी. राज्याच्या अहवालात ही वाढ असते. आजोबांच्या हिशेबात ती पिकती जमीन बुडाल्याची नोंद असते. खासगी मालकीची असली तरी ती तिवरं तोडायला बंदी आहे. मी खारफुटीच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. पण ज्याचं शेत गेलं त्याला ‘नकाशात हिरवं वाढलं’ म्हणून टाळ्या वाजवायला सांगणं मला बरं दिसत नाही. तुमच्या घरात असं खाजण असेल तर ते विकण्याआधी किंवा वाटण्या करण्याआधी जिल्ह्याचा सीआरझेड नकाशा आणि वनखात्याची नोंद बघून घ्या. इथे बसून फोनवरच्या बोलण्यावर सही करू नका.

उलट बाजूचंही एक उदाहरण देते. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२मध्ये उच्च न्यायालयाने सुमारे २२ हजार खारफुटीची झाडं तोडायला परवानगी दिली. आधी ती संख्या ५३ हजारांच्या वर होती, ती कमी करून आणली. आता हे २२ हजार अहवालात शोधायला जाल तर सापडतील असं नाही. उपग्रह झाडं मोजत नाही, वरचं छत मोजतो. पुलावरून जाणाऱ्या त्या मार्गाला साधारण साडेसतरा मीटर रुंद जागा लागते, आणि लिस-३चा एक चौकोन साडेतेवीस मीटरचा. चौकोनात दोन्ही बाजूंची झाडी शिल्लक राहिली तर तो हिरवाच राहू शकतो. बदल्यात लावलेली रोपंही बरीच वर्षं दिसत नाहीत, कारण छताने दहा टक्के जमीन झाकल्याशिवाय अहवाल ते धरत नाही.

सगळ्यात फसवं मरण मात्र एकही झाड न तोडता येतं. भरतीचं पाणी आत येण्याची वाट, एखादा नाला किंवा रस्त्याखालची मोरी, बुजवली की झालं. तिवरं उभीच असतात. पानं विरळ होत जातात, एनडीव्हीआय महिन्यामहिन्याने उतरत जातो, आणि दोन-तीन वर्षांनी तिथे ‘आधीपासूनच ओसाड’ जमीन असते. इथे उपग्रहाच्या तोडीचा साक्षीदार नाही. दर पाच दिवसांनी सेंटिनेलचं नवं चित्र येतं, जुनं पुसलं जात नाही, आणि ते कोणालाही फुकट बघता येतं. कोपर्निकस ब्राउझर उघडा, गावाची खाडी शोधा, गेल्या सात-आठ वर्षांतल्या डिसेंबर महिन्याची, ओहोटीची चित्रं एकामागून एक लावा. गुगल अर्थमध्येही जुनी चित्रं तारखेने बघता येतात, ती जास्त स्पष्ट असतात, फक्त तारखा तुम्हाला निवडता येत नाहीत. काही खटकलं तर तारीख, अक्षांश-रेखांश आणि दोन चित्रं घेऊन कांदळवन कक्षाकडे पाठवा. राज्य सरकारने २०१२ साली खास खारफुटीसाठी सुरू केलेला वनखात्याचा हा विभाग. न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली एक देखरेख समितीही आहे. मात्र पाठवण्याआधी गावातल्या कोणाला तरी, शक्यतो कोळीवाड्यातल्या माणसाला, जागेवर जाऊन बघायला सांगा. त्याला मोरी कुठे बुजली ते तुमच्या चित्राआधी ठाऊक असेल. चित्राने त्याच्या सांगण्याला तारीख मिळते.

आणि ज्यांना आधी हात बसवायचा आहे त्यांच्यासाठी जवळच शाळा आहे. एक्स्पोहून तानाह मेराला गाडी बदलली की शेवटचं स्टेशन पासिर रिस. तिथल्या उद्यानात ६ हेक्टर खारफुटी राखून ठेवली आहे, आणि आत लाकडी पायवाट आहे. शेजारून वाहणाऱ्या नदीचं नाव सुंगेई आपी-आपी. आपी-आपी म्हणजे मलायीत आपलं तिवरच. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं दिसली की ओळख पटेल. निवट्याही दिसतील, मुलांना दाखवा. चिली क्रॅबमधल्या जातीचा खेकडा अशाच चिखलात राहतो, हेही सांगा. घरी आल्यावर तीच जागा सेंटिनेलच्या चित्रात उघडा. साधारण सहाशे ठिपके असतील. त्यातले किती खारफुटीचे, किती उद्यानातल्या साध्या झाडांचे, हे मुलांना आधी अंदाजाने सांगायला लावा आणि पुढच्या रविवारी परत जाऊन ताडून बघा. ओहोटीची वेळ साधून जा, आणि डासांचं मलम विसरू नका.